मिजाज : अरबी वैद्यकातल्या एका शब्दाचा अर्थ आणि वापर

‘कसली एवढी मिजास?’ हा प्रश्न मराठीत रागाने विचारला जातो. मिजासखोर माणूस आपल्याला आवडत नाही, आणि कुणाची मिजास उतरली की मनातून बरे वाटते. हा शब्द मराठीत फारसी-उर्दूच्या वाटेने आला असला, तरी तो मुळात अरबी आहे आणि अरबी वैद्यकातल्या अगदी पायाभूत संज्ञांपैकी एक आहे. ‘मिजाज’ हे त्याचे मूळ रूप. अरबी वैद्यकाचा कोणताही जुना ग्रंथ उघडला, तर आजारांची वर्णने सुरू होण्याच्या कितीतरी आधी मिजाजाची चर्चा येते, कारण शरीर निरोगी आहे की नाही हे कशावरून ठरवायचे, कोणाला कोणते औषध लागू पडेल आणि एकाला मानवणारे अन्न दुसऱ्याला का बाधते, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या वैद्यकाने याच एका शब्दाच्या आधारे दिली. आज हाच शब्द अरब देशांतल्या मानसोपचाराच्या दवाखान्यात वेगळ्या अर्थाने, भारतातल्या युनानी महाविद्यालयात जुन्या अर्थाने आणि इराणमध्ये आणखी तिसऱ्याच अर्थाने वापरला जातो. त्यामुळे शब्दकोशात ‘मिजाज म्हणजे स्वभाव’ एवढे वाचून पुढे जाणारा वाचक जुन्या मजकुरात हमखास चुकतो.

या शब्दाचा अरबी धातू ‘म-ज-ज’ या तीन व्यंजनांचा. त्यातली मधले आणि शेवटचे ही व्यंजने देवनागरीत सारखी दिसत असली, तरी मुळात ती वेगळी आहेत. मधले ‘झ’च्या जवळचे आहे आणि शेवटचे आपल्या ‘जग’मधल्या ‘ज’सारखे आहे. या धातूचा अर्थ मिसळणे. त्यावरून ‘मजीज’ म्हणजे मिश्रण, ‘इम्तिजाज’ म्हणजे एकजीव होणे आणि ‘मिजाज’ म्हणजे मिसळण्याचा पदार्थ किंवा मिसळून तयार झालेली अवस्था. वैद्यकात येण्यापूर्वी हा शब्द पेयांच्या संदर्भात वापरला जाई. मद्यात जे मिसळायचे, तो त्या मद्याचा मिजाज. कुराणाच्या ७६व्या सूरेत स्वर्गातल्या पेयांचे वर्णन येते, त्यात एका पेयाचा मिजाज कापराचा आणि दुसऱ्याचा आल्याचा असल्याचे सांगितले आहे. तिथे स्वभावाचा किंवा मनःस्थितीचा काही संबंध नाही. पेयात काय मिसळले आहे, एवढेच त्या शब्दाने सांगितले आहे. आल्यासाठी तिथे वापरलेला ‘जंजबील’ हा शब्द आपल्याकडच्या ‘शृंगवेर’ या शब्दापासून इराणमार्गे अरबीत पोचला होता, हेही जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.

पेयाचा हा शब्द शरीराला लागू झाला तो भाषांतरामुळे. इसवी सन १२९च्या सुमारास पर्गामॉन इथे जन्मलेला ग्रीक वैद्य गॅलेन याने मानवी शरीराचे वर्णन ‘क्रासिस’ या कल्पनेभोवती केले होते. क्रासिस म्हणजे मिश्रण, आणि ग्रीक लोक ज्या भांड्यात मद्य आणि पाणी मिसळत, त्या ‘क्रातेर’चे नावही त्याच मुळाचे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ सिरियाक आणि अरबी भाषांत आणण्याचे प्रचंड काम केले. त्याने स्वतः लिहून ठेवलेल्या यादीत गॅलेनच्या सव्वाशेहून अधिक ग्रंथांचा उल्लेख आहे. क्रासिससाठी अरबी वैद्यकात ‘मिजाज’ हा शब्द स्थिरावला तो याच भाषांतरांतून. माझ्या मते वैद्यकाच्या इतिहासात इतक्या नेमक्या निवडी फार थोड्या झाल्या, कारण दोन्ही भाषांतला शब्द पेय मिसळण्याच्या रोजच्या क्रियेतून आलेला होता. अरबी वाचकाला ग्रीक कल्पना समजण्यासाठी वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज पडली नाही.

आता मिजाज म्हणजे नेमके काय, ते पाहू. त्या काळच्या समजुतीनुसार सृष्टीतला प्रत्येक पदार्थ अग्नी, वायू, जल आणि पृथ्वी या चार मूलतत्त्वांचा बनलेला असतो, आणि या तत्त्वांमधून उष्णता, थंडपणा, ओलावा आणि कोरडेपणा असे चार गुण येतात. हे गुण परस्परविरोधी असल्यामुळे ते एकत्र आले की एकमेकांवर क्रिया करतात. इब्न सीना या वैद्य-तत्त्वज्ञाने (जन्म ९८०, मृत्यू १०३७) आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात मिजाजाची व्याख्या दिली आहे. तिचा आशय असा की, मूलतत्त्वांचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना भिडतात, त्यांचे विरोधी गुण एकमेकांना मोडतात, आणि ही झटापट एका मर्यादेवर येऊन थांबली की त्या संपूर्ण पदार्थात सगळीकडे सारखाच आढळणारा जो एक नवा गुण उत्पन्न होतो, तो त्याचा मिजाज होय. इथे ‘सगळीकडे सारखाच’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डाळ आणि तांदूळ एकत्र केले तर डाळीचा दाणा डाळच राहतो आणि तांदळाचा तांदूळच, पण लिंबाचे सरबत केले की त्याच्या कोणत्याही घोटात आंबट आणि गोड वेगळे काढता येत नाही, आणि जी चव लागते ती एकट्या लिंबाचीही नसते आणि एकट्या साखरेचीही नसते. मिजाज ही या दुसऱ्या प्रकारची गोष्ट आहे.

म्हणजे मिजाज हा शरीरात असलेला एखादा पदार्थ नव्हे, आणि कुठला अवयवही नव्हे. विरोधी गुणांची झटापट जिथे थांबली, त्या ठिकाणचे ते प्रमाण आहे. ही गोष्ट एकदा ध्यानात घेतली की पुढचे बरेचसे वैद्यक आपोआप उलगडते. चारही गुण समतोल असतील तर मिजाज ‘मुअतदिल’, म्हणजे सम. एकच गुण वरचढ असेल तर चार साधे प्रकार होतात : उष्ण, थंड, ओला, कोरडा. दोन गुण एकदम वरचढ असतील तर उष्ण-ओला, उष्ण-कोरडा, थंड-ओला आणि थंड-कोरडा असे चार जोडप्रकार होतात, कारण उष्ण आणि थंड, किंवा ओला आणि कोरडा, एकाच वेळी वरचढ असू शकत नाहीत. असे एकूण ९ प्रकार. यातल्या चार जोडप्रकारांशी शरीरातले चार द्रव जोडलेले आहेत. उष्ण-ओले ते रक्त, थंड-ओला तो बलगम म्हणजे कफ, उष्ण-कोरडे ते ‘सफरा’ म्हणजे पिवळे पित्त आणि थंड-कोरडा तो ‘सौदा’ म्हणजे काळे पित्त. या द्रवांना ‘खिल्त’ आणि अनेकवचनी ‘अखलात’ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी खिल्त आणि मिजाज हे एकच मानून लिहिलेले दिसते, ते बरोबर नाही. खिल्त हा द्रव पदार्थ आहे, तर मिजाज हा गुण. रक्ताला, हाडाला, केसाला, सुंठीला आणि एखाद्या गावाच्या हवेलाही आपापला मिजाज असतो.

समतोलाची कल्पना तर या शास्त्रातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. वजनाच्या तराजूत चारही गुण अगदी सारखे भरावेत, असा समतोल प्रत्यक्षात सापडत नाही, असे इब्न सीना स्पष्ट सांगतो. वैद्याला अभिप्रेत असलेला समतोल म्हणजे प्रत्येकाला त्याच्या वाट्याचे जेवढे मिळायला हवे तेवढे मिळणे. सिंहाला जी उष्णता लागते ती सशाला लागत नाही. माणसामाणसांतही हाच नियम, आणि तो सांगताना इब्न सीना थेट आपल्या देशाचे उदाहरण देतो. त्याच्या म्हणण्यानुसार भारतातल्या लोकांचा एक मिजाज असतो आणि त्यात ते निरोगी राहतात. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या स्लाव लोकांचा दुसराच मिजाज असतो आणि ते त्यात निरोगी राहतात. प्रत्येक जण आपल्या लोकांच्या मानाने सम आहे आणि दुसऱ्याच्या मानाने विषम. भारतीय माणसाच्या शरीराला स्लाव माणसाचा मिजाज आला तर तो आजारी पडेल किंवा मरेलही, आणि उलट दिशेनेही तेच होईल. एक हजार वर्षांपूर्वी बुखाऱ्याजवळ जन्मलेल्या या वैद्याने एका जागच्या निरोगीपणाची मोजपट्टी दुसऱ्या जागच्या माणसाला लावू नये असे लिहून ठेवले, हे मला आजही आदराने वाचावेसे वाटते, मग त्यामागची मूलतत्त्वांची कल्पना कालबाह्य झालेली असली तरी.

पण मग वैद्याने मोजायचे कशाने? त्या काळी थर्मामीटर नव्हता. उष्ण कशाला म्हणायचे आणि थंड कशाला, हे ठरवायला एक स्थिर जागा हवी होती. ‘अल-कानून’मध्ये तिचा शोध पायरीपायरीने घेतलेला आहे. शरीराच्या सर्व भागांत त्वचा सर्वांत सम, त्वचेत हाताची त्वचा, हाताच्या त्वचेत तळहाताची, तिच्यातही बोटांची, बोटांमध्ये तर्जनीची, आणि तर्जनीवरही शेवटच्या पेराची. जे स्वतः कोणत्याही बाजूला झुकलेले नाही तेच दोन्ही बाजूंचा न्याय करू शकते, म्हणून स्पर्शाने परीक्षा करताना तर्जनीचे टोक हे न्यायाधीश. उलट दिशेच्या टोकाला केस आहेत, कारण शरीरात सर्वांत कोरडे तेच. हाडे त्यांच्या मागोमाग येतात.

वयाबरोबर मिजाज बदलतो असेही मानले जाई. लहान मूल उष्ण आणि ओले, तरुण माणूस उष्ण आणि कोरडा, पुढे उतरत्या वयात थंडपणा आणि कोरडेपणा वाढत जातो. ऋतू, व्यवसाय, राहण्याची जागा आणि आहार यांचाही परिणाम होतो. याचा तपशील ग्रंथांत पानोपानी आहे, पण तत्त्व तेच.

मिजाज बिघडला की त्याला ‘सू-ए-मिजाज’ म्हणतात. अरबी ‘सू’ म्हणजे वाईटपणा किंवा बिघाड. समतोल सोडून उरलेल्या ८ प्रकारांपैकी कोणत्याही प्रकारचा बिघाड होऊ शकतो, आणि तो नुसता गुणाचा असेल किंवा एखाद्या खिल्ताच्या साठ्यामुळे असेल, म्हणून १६ प्रकार. दोहोंवरचा उपचार वेगळा असतो. उन्हात फिरून अंग तापले तर थंडावा पुरतो, पण सफरा साठून अंग तापले असेल तर तो साठा आधी बाहेर काढावा लागतो. जुन्या हकिमांच्या चिठ्ठ्यांमध्ये जुलाब, वमन आणि रक्त काढणे एवढ्या वेळा का येते, याचे उत्तर या भेदात आहे. थंडाव्याने उष्णतेवर आणि ओलाव्याने कोरडेपणावर उपचार करण्याच्या पद्धतीला ‘इलाज बिल-जिद’, म्हणजे विरुद्ध गुणाने उपचार, असे म्हणतात.

बिघाडाचा आणखी एक भेद फार सूक्ष्म आहे. एखाद्या अवयवाचा मूळ मिजाज अजून टिकून असताना त्यावर परका मिजाज चाल करून आला, तर तो ‘मुख्तलिफ’, म्हणजे विसंगत बिघाड. परका मिजाज इतका मुरला की मूळचा पुसला गेला आणि परकाच आता मूळ असल्यासारखा वावरू लागला, तर तो ‘मुस्तवी’, म्हणजे एकसारखा बिघाड. इब्न सीनाच्या मते वेदना पहिल्या प्रकारात होते, दुसऱ्यात होत नाही, कारण जाणीव विरोधातून निर्माण होते आणि जिथे विरोध संपला तिथे जाणीवही संपते. उदाहरण म्हणून तो दोन ताप घेतो. दिवसाआड येणाऱ्या हिवतापासारख्या तापात रोगी अंगाच्या आगीने तळमळतो. ‘दिक’ नावाच्या झिजवणाऱ्या तापात प्रत्यक्ष उष्णता कितीतरी जास्त असूनही रोग्याला ती तेवढी जाणवत नाही, कारण ती अवयवांत मुरून बसलेली असते. हिंदी आणि उर्दूत क्षयाला ‘तपेदिक’ म्हणतात, तो हाच शब्द. रोग्याला कमी त्रास वाटतो म्हणून आजार कमी आहे असे वैद्याने समजू नये, ही सूचना त्या शास्त्रीय भेदामागे दडलेली आहे, आणि रोग्याच्या उशाशी बसलेल्या घरच्या माणसांनाही ती उपयोगी पडावी.

औषधांचाही मिजाज असतो, हे वर आलेच. इथे वाचकाचा पहिला गोंधळ होतो तो स्पर्शाबाबत. मिरी हाताला गरम लागत नाही, मग ती उष्ण कशी? उत्तर असे की औषधाची उष्णता सुप्त असते. शरीराच्या स्वतःच्या उष्णतेने त्या औषधावर क्रिया केली की ती प्रकट होते. गॅलेनने या सुप्त शक्तीचे चार दर्जे पाडले होते आणि अरबी वैद्यांनी ते स्वीकारले. पहिल्या दर्जाच्या औषधाचा परिणाम जाणवतही नाही, दुसऱ्याचा जाणवतो पण त्याने अपाय होत नाही, तिसऱ्याने अपाय होऊ शकतो, आणि चौथ्या दर्जाचे औषध जिवावर बेतू शकते. आले तिसऱ्या दर्जापर्यंत उष्ण, कापूर तिसऱ्या दर्जात थंड आणि कोरडा, अफू चौथ्या दर्जात थंड आणि कोरडी. नवव्या शतकातल्या अल-किंदी या अरब तत्त्वज्ञाने या दर्जांना गणितात बसवण्याचा प्रयत्न केला. सम औषधात उष्ण आणि थंड भाग सारखे. पहिल्या दर्जाच्या उष्ण औषधात थंडाच्या दुप्पट उष्ण, दुसऱ्या दर्जात चौपट, तिसऱ्यात आठपट आणि चौथ्यात सोळापट. अनेक औषधे एकत्र करून बनवलेल्या पाकाचा किंवा चाटणाचा एकंदर दर्जा काय होईल, हे हिशेबाने काढता यावे हा त्याचा हेतू होता. पुढे बाराव्या शतकातल्या इब्न रुश्द या तत्त्वज्ञ-वैद्याने या पद्धतीवर कडक टीका केली. ज्या गुणांना मोजण्याचे साधनच हाताशी नव्हते त्यांचे गुणोत्तर मांडण्यात धोका होताच, पण औषधाची मात्रा अंदाजाने न देता मोजून द्यावी ही अल-किंदीची तळमळ खरी होती.

मात्र औषधाचा दर्जाही निरपेक्ष नाही. इब्न सीना लिहितो की एखादे औषध माणसाच्या शरीराच्या मानाने थंड आणि विंचवाच्या शरीराच्या मानाने उष्ण असू शकते, आणि दुसरे एखादे माणसाच्या मानाने उष्ण पण सापाच्या मानाने थंड. एवढेच नव्हे, तर एकच औषध जैदच्या शरीराला जितके उष्ण पडते तितके अम्रच्या शरीराला पडत नाही. जैद आणि अम्र ही अरबीतली उदाहरणापुरती नावे, आपल्याकडच्या सोमाजी-गोमाजीसारखी. यातून तो व्यवहारातली सूचना काढतो की मिजाज पालटण्यासाठी दिलेले औषध लागू पडत नसेल, तर वैद्याने त्याच एका औषधाला चिकटून राहू नये.

भारतात हे शास्त्र ‘युनानी’ या नावाने आले आणि रुजले. युनान म्हणजे ग्रीस, पण भाषा अरबी-फारसी आणि नंतर उर्दू. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि मालेगाव इथे युनानीची महाविद्यालये आहेत आणि तिथला विद्यार्थी पहिल्याच वर्षी ‘उमूर-ए-तबिइया’ नावाचा विषय शिकतो. त्यात शरीराची सात मूलभूत अंगे आहेत आणि मूलतत्त्वांच्या पाठोपाठ मिजाजाचा क्रम लागतो. रोग्याचा मिजाज ठरवण्यासाठी दहा प्रकारच्या खुणा पाहिल्या जातात. त्वचेचा स्पर्श, मांस आणि चरबीचे प्रमाण, केसांची वाढ, घनता आणि रंग, अंगाचा वर्ण, बांधा, उष्ण-थंडाचा परिणाम किती चटकन होतो, झोप आणि जागरण, अवयवांची कामे, मलमूत्र आणि घाम, आणि शेवटी राग, भीती, धैर्य अशा मनाच्या हालचाली. या यादीत मन अगदी शेवटी येते, हे लक्षात ठेवावे. आज बोलीभाषेत मिजाज म्हणजे जवळजवळ मनच, पण शास्त्रात मन ही दहा खुणांपैकी एक खूण.

आयुर्वेदातल्या ‘प्रकृती’शी मिजाजाची तुलना मराठी वाचकाच्या मनात येणारच. दोन्हींचा हेतू जवळचा आहे : माणूस पाहून उपचार करणे. परंतु आयुर्वेद तीन दोष मानतो आणि युनानी चार खिल्त, आणि बलगमाला कफ व सफऱ्याला पित्त म्हटले तरी सौद्याची जोडी वाताशी लावणे ही ओढाताण आहे. शिवाय आयुर्वेदातली प्रकृती मुख्यतः गर्भधारणेच्या वेळी ठरते, तर मिजाजात जन्मजात अंश मान्य करूनही वय, हवा आणि व्यवसाय यांनुसार होणाऱ्या बदलाला मोठे स्थान आहे. दोन्ही परंपरांना एकमेकींची ओळख फार जुनी आहे. बगदादमध्ये सुश्रुतसंहितेचे अरबी भाषांतर झाले होते, आणि अली इब्न रब्बन अत-तबरीने ८५०मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या वैद्यकग्रंथाच्या अखेरीस भारतीय वैद्यकाचा स्वतंत्र परिचय करून दिला आहे. म्हणूनच एकीची संज्ञा दुसरीच्या जागी सरसकट ठेवणे दोघींवर अन्याय करणारे ठरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चार मूलतत्त्वे आणि चार द्रव यांवर उभारलेले शरीराचे हे चित्र आधुनिक शरीरशास्त्राने स्वीकारलेले नाही. खुद्द अरबी परंपरेतही प्रश्न विचारले गेले. अल-राझी या इराणी वैद्याने गॅलेनविषयीच्या शंकांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. १८५८मध्ये रुडॉल्फ विर्खो या जर्मन वैद्याने रोगाचे मूळ पेशींमध्ये शोधण्याचा विचार मांडला आणि द्रवांच्या बिघाडाची जुनी मांडणी मागे पडली. त्यामुळे मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा क्षयाची चालू असलेली औषधे ‘माझ्या मिजाजाला उष्ण पडतात’ असे म्हणून स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. औषध सोसत नसेल तर ते ज्या डॉक्टरांनी दिले त्यांनाच सांगावे. संज्ञा समजून घेणे आणि तिच्यावर उपचार सोपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग शरीराचा हा शब्द मनाचा कसा झाला? याचीही वाट गॅलेनकडूनच जाते. आत्म्याच्या शक्ती शरीराच्या मिश्रणाच्या मागोमाग चालतात, असे प्रतिपादन करणारा त्याचा एक छोटा ग्रंथ अरबीत आला आणि त्याच्या नावातच ‘मिजाज’ हा शब्द होता. शरीरात सफरा वाढला की माणूस चिडखोर होतो, सौदा वाढला की उदास आणि भयग्रस्त होतो, असे मानले जाऊ लागले. उदासीच्या आजाराला ग्रीकांनी काळ्या पित्तावरून दिलेले नाव अरबीत ‘मालीखूलिया’ झाले, आणि उत्तर आफ्रिकेतल्या कैरवान इथे राहणाऱ्या इसहाक इब्न इमरानने त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कारण शरीरात आणि लक्षण मनात अशी ही जोडी होती. काळाच्या ओघात कारणाची मांडणी विस्मृतीत गेली, लक्षणाला मात्र तो शब्द चिकटून राहिला. युरोपात हेच थोड्या वेगळ्या तऱ्हेने घडले. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो इथे जेरार्ड या भाषांतरकाराने ‘अल-कानून’ लॅटिनमध्ये नेले तेव्हा मिजाजासाठी ‘कोम्प्लेक्सिओ’ हा शब्द वापरला, आणि त्याचे आजचे इंग्रजी रूप ‘कॉम्प्लेक्शन’ चेहऱ्याच्या वर्णापुरते उरले. म्हणजे दहा खुणांपैकी एका भाषेने शेवटची खूण उचलली आणि दुसरीने वर्णाची.

फारसी आणि उर्दूत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले. ‘मिजाज-शरीफ?’ असे विचारले तर तो तब्येतीचा प्रश्न, ‘मिजाजपुर्सी’ म्हणजे आजाऱ्याच्या समाचाराला जाणे, आणि ‘मिजाजदार’ म्हणजे तोऱ्यात असणारा. मराठीने यातला तोरा घेतला आणि मिजास केली. समाचाराच्या अर्थासाठी आपण त्याच वैद्यकातला दुसरा शब्द घेतला, तो म्हणजे ‘तब्येत’. अरबी ‘तबीआ’ म्हणजे निसर्ग किंवा मूळ धर्म, आणि युनानी वैद्यकात ‘तबियत’ ही शरीराचा कारभार पाहणारी शक्ती मानली जाते, जिला वैद्याने फक्त मदत करायची असते. मराठी माणूस रोज ज्या शब्दाने एकमेकांची विचारपूस करतो, तो थेट हकिमाच्या शास्त्रातून आलेला आहे.

आता आजच्या अरबीकडे वळू, कारण आखाती देशांत नोकरी करणाऱ्या मराठी डॉक्टरांना आणि परिचारिकांना हा शब्द तिथे रोज भेटतो. आधुनिक वैद्यकीय अरबीत ‘मिजाज’ म्हणजे मनःस्थिती. ‘इज्तिराबात अल-मिजाज’ म्हणजे मनःस्थितीचे विकार, ज्यांत नैराश्य आणि उन्माद-नैराश्याचे आलटून पालटून येणारे झटके मोडतात. ‘तकल्लुब अल-मिजाज’ म्हणजे मनःस्थितीतले चढउतार, आणि ‘मुसब्बितात अल-मिजाज’ म्हणजे मन स्थिर ठेवणारी औषधे, जसे लिथियम. लहरी माणसाला ‘मिजाजी’ म्हणतात. इजिप्तमध्ये शेवटच्या ‘ज’चा ‘ग’ होऊन ‘मजाग’ असा उच्चार ऐकू येतो, आणि तिथल्या बोलीत त्याला तलफ आणि चैन अशीही छटा आहे. सकाळची कॉफी ही कुणाच्या मजागाची बाब असू शकते. सर्वांत जपायचे ते ‘सू अल-मिजाज’ या जोडशब्दापाशी. जुन्या ग्रंथात त्याचा अर्थ गुणांच्या प्रमाणातला बिघाड, म्हणजे रोगाचे कारण. आजच्या वर्तमानपत्रात त्याचा अर्थ मन ठीक नसणे. ‘मुनहरिफ अल-मिजाज’, अक्षरशः मिजाज ढळलेला, याचेही तसेच. जुन्या पत्रांत कुणी सभेला येऊ शकले नाही म्हणून हा शब्द वापरला असेल, तर ती व्यक्ती रागावली होती असे समजू नये. तिला बरे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

इराणमध्ये गेलात तर आणखी एक वळण आहे. तिथे घरोघरी पदार्थांची उष्ण आणि थंड अशी विभागणी आजही केली जाते आणि मिजाजाचा जुना अर्थ लोकांच्या बोलण्यात जिवंत आहे. पण डॉक्टरांनी रोग्याला ‘इजाबते-मिजाज’बद्दल विचारले, तर तो प्रश्न ना स्वभावाचा असतो ना मनाचा. ‘इजाबत’ म्हणजे प्रतिसाद, आणि मिजाजाने प्रतिसाद दिला का, म्हणजे शौचाला साफ झाली का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते.